आप्पा लांगरी होते

सातारा, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

आप्पा गेल्याचा फोन केला आणि नंतर दीड महिना तोंड शिवून बसलो. शिव्या घाल, पण पत्र पूर्ण वाच. आईची शुगर आटोक्यात आहे, माझं पित्त जिथल्या तिथे. झालं तब्येतीचं.

दहाव्याला घाटावर मला चार शब्द बोल म्हणाले. बोललो. डिसेंबर 1971 ची लढाई, बांगलादेशातलं जमालपूर, मराठ्यांची जंगी पलटण. आपल्या ब्रिगेडियर क्लेरांची 'शरण या' ही चिठ्ठी, पाकिस्तानी कर्नल सुलतान महमूदचं उत्तर आणि त्या कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी. 'पुढच्या वेळी लेखणीऐवजी हातात स्टेनगन घेऊन भेटा', हे तर मी आप्पांच्याच आवाजात म्हटलं. मग 10 तारखेच्या रात्री त्याची 31 बलुच पलटण वेढा फोडायला निघाली, ती थेट आप्पांच्या मशीनगनसमोर. बायका डोळे पुसत होत्या. कावळा मात्र पाऊण तास शिवला नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पांगापांग झाल्यावर अपशिंग्याचे तात्या काठी टेकत जवळ आले. "चांगलं बोललास पोरा. पर मशीनगन कुठली? तुझा बाप लांगरी हुता."

लांगरी, दिल्या. पलटणीचा स्वयंपाकी.

आता आठव. दिवाळीला आईला चुलीपाशी फिरकू न देता घमेलंभर मैदा कोण मळायचं? शंकरपाळीला जन्मभर 'शक्करपारे' कोण म्हणायचं? पट्टी लावून कातणं फिरवायचे, एक जरी तिरकी निघाली तरी परत गोळ्यात. घरात माणसं पाच, भाजी पन्नासांची. उरलेली डब्यातून तुमच्याकडे, आणि तुझी आई वैतागलेली. एचएमटीची घड्याळं, गुलाबाची कलमं, यांवर तासभर बोलायचे. तळणीबद्दल कधी अक्षर नाही.

नववीत तू विचारलं होतंस, "आप्पा, तुम्ही किती मारले?" ते झारी उचलून गुलाबांकडे गेले. बाहेर येऊन तू म्हणालास, "सगळ्या थापा." मी तुला गटारात ढकललं आणि दिवाळी ते शिमगा आपण बोललो नाही. (त्या चपलेचे पैसे अजूनही मिळणार नाहीत.)

दीड महिना तेच उगाळतोय. 'मी गोळी झाडली' असं आप्पा कधी म्हणाले? एकदाही नाही. 'आपल्या पलटणीनं', 'आमच्या पोरांनी' एवढंच. मशीनगन त्यांच्या हातात मी दिली, चौथीत, 'माझे वडील' या निबंधात. बाईंनी पालकांची सही मागितली होती. आप्पांनी अख्खा निबंध वाचला, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. का केली रे?

तात्या पुढं म्हणाले, "खंदकात दोन दिस त्याचंच शक्करपारं खाल्लं. ब्रह्मपुत्रा वलांडून पोतं पाठीवर आणलंतं त्यानं." आणि रडायला लागले. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते अजून ठरत नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. 16 डिसेंबरला विजय दिवस, वेशीवर फलक लागणार. माझं भाषण ऐकून सरपंचानं 'जमालपूरचा मशीनगनर' असा मजकूर करून ठेवलाय, मी फक्त हो म्हणायचं. दादा म्हणतो, लांगरी लिहिलंस तर गाव हसेल. आई म्हणते, "मला लग्न ठरतानाच सांगितलं होतं त्यांनी, त्यात काय एवढं?" म्हणजे घरात येडा मी एकटाच!

काय लिहू सांग. 'मी नववीतच म्हणालो होतो' हे सोडून काहीही सांग.

तुझी नाशिकला बदली झाली म्हणे? पोरीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या

ता. क. ट्रंकेत त्यांची एक वही सापडली. मैदा, साखर, डालडा, सगळं 120 जवानांच्या हिशोबानं. दिवाळीला ये. भागाकार तुझा चांगला होता.