प्रेरणास्थानाची तक्रार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वेदनेवर मात करण्याचा लेख वाचला. पत्र त्याच दिवशी लिहिणार होते, पण दुपारनंतर बोटांनी संप पुकारला, म्हणून आज लिहिते आहे. एका परीने बरंच झालं. कालचं पत्र तुम्हाला छापता आलं नसतं.

लेख चांगला आहे. म्हणजे भाषा चांगली आहे. फोटोही छान: टेकडीच्या माथ्यावर हात पसरून उभ्या असलेल्या बाई आणि वर मोकळं आभाळ. मला सतरा वर्षं ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. सकाळी पहिला तास-दीड तास माझी बोटं धड मिटत नाहीत, धड उघडत नाहीत. दाराशी पडलेला तुमचा अंक दोन मनगटांच्या मध्ये धरून मी आत आणते आणि टेबलावर ठेवून कोपराने पान उलटते. अशा अवस्थेत टेकडी वाचायची म्हणजे जरा जडच जातं.

‘आजाराने मला जगायला शिकवलं’ हे वाक्य लेखात तीनदा आलं आहे. या वाक्याशी माझं जुनं वैर आहे. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकाने (तुमच्या नव्हे, घाबरू नका) माझी मुलाखत घेतली होती. आलेली मुलगी गोड होती. तिने विचारलं, आजाराने तुम्हाला काय शिकवलं? मी म्हटलं, बाटलीचं झाकण सुरीच्या टोकाने कसं उचकटायचं ते. ती हसली, पण लिहून घेतलं नाही. पुन्हा विचारलं. मग मी खरोखर विचार करून सांगितलं की शिकवलं काही नाही, येत होतं तेही नेलं. मी सुलेखन करायचे. टाक धरता येईना, ते सुटलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. छापून आलं तेव्हा मथळा होता, ‘आजारच माझा गुरू!’ सुलेखनाचा उल्लेखही नाही. फोटोच्या वेळी मला काठी बाजूला ठेवायला सांगितली होती, जरा पॉझिटिव्ह दिसेल म्हणून. मीही ठेवली, आणि त्याचा राग अजून स्वतःवरच आहे. तो फोटो नातेवाइकांनी इतका फिरवला की पुढे दोन-तीन वर्षं मी नुसती कण्हले तरी समोरचा म्हणायचा, अहो, तुम्ही तर आम्हाला प्रेरणा देता! प्रेरणास्थानाला कण्हायची सोय नसते.

आता कुणी म्हणेल, बाई कडवट झाल्या आहेत. तसं नाही. मी मुद्रितशोधन करते. दिवसाचे दोन तास, कधी तासभरच, पेन्सिलीला जाड रबर गुंडाळून. मागच्या आठवड्यात एका पुस्तकात तळटिपेतला आकडा मजकुरातल्या आकड्याशी जुळत नव्हता. तीन जणांच्या नजरेतून निसटलेला, मी पकडला. दिवसभर खुशीत होते. गुडघा त्या दिवशीही सुजलेलाच होता. खुशी त्याच्यामुळे नव्हती आणि त्याच्यावर मात करून मिळालेलीही नव्हती. दोघं एकाच घरात राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. आणि तुमच्या लेखातली ती इच्छाशक्ती मला काम करायला लागत नाही, थांबायला लागते. हात छान चालत असतो, आणखी चार पानं सहज होतील असं वाटत असतं, तेव्हाच पेन्सिल खाली ठेवावी लागते. नाही ठेवली तर पुढचे दोन दिवस अंथरुणात. याचा फोटो कसा काढणार?

लेखात चित्रकार रेन्वारचा दाखला आहे, हाताला ब्रश बांधून चित्रं काढायचे म्हणून. बांधून नव्हे. याच संधिवाताने त्यांची बोटं तळव्यात वळली होती, कातडीला इजा होऊ नये म्हणून हाताला पट्ट्या गुंडाळत आणि ब्रश दुसऱ्या कुणीतरी बोटांत अडकवून द्यायचं. 1915 च्या एका चित्रफितीत त्यांचा धाकटा मुलगा हे काम करताना दिसतो. 1919 मध्ये जाईपर्यंत ते रंगवत राहिले हे खरं, पण ब्रश देणारा होता म्हणून. माझी सकाळची बटणं माझी वहिनी लावते. तिच्यावर अजून कुणी लेख लिहिलेला नाही.

खरं तर पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. लेखाखालच्या चौकटीत छापलंय की टेकडीवरच्या या बाई ‘रोज न चुकता मेथोट्रेक्सेटची गोळी’ घेतात. संपादक महाशय, संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. ठरलेल्या वारी. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेचं काम मंदावतं, रक्तपेशी घटतात, आणि या एका चुकीने माणसं दगावलेली आहेत. माझ्या डबीवर लाल शाईने वार लिहिलेला आहे, तरी मी घेण्याआधी कॅलेंडर बघते. बाई बहुधा रोज फॉलिक ॲसिड (या गोळीसोबत देतात ते जीवनसत्त्व) घेत असतील आणि लिहिणाऱ्याने दोन्ही गोळ्या एकत्र केल्या असतील. नुकतंच निदान झालेलं कुणी तुमची चौकट कापून फ्रिजवर लावून ठेवेल, ही ऱ्हस्व-दीर्घाची चूक नव्हे.

दुरुस्ती उद्याच छापावी, शेवटच्या पानावर कोपऱ्यात नको, त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या टायपात. जागा कमी पडत असेल तर हे पत्र नाही छापलं तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक
(कृपया नाव छापू नये.)