सूचना : एप्रिलच्या तारखा आत्ताच लिहून ठेवा

सर्व सभासदांस नमस्कार.

हळदीचे सौदे जोरात आहेत, कुणाला मान वर करायला सवड नाही. तरी गादीशेजारच्या कॅलेंडरवर लाल पेनाने एवढं लिहाच. मार्चचं जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीच्या तपशिलाचं रिटर्न) ११ एप्रिलला, ३बी (कर भरण्याचं रिटर्न) २० तारखेला. तिमाही रिटर्नवाल्यांना याच दोन्हींसाठी अनुक्रमे १३ आणि २२. कंपोझिशनवाल्यांचं (विक्रीवर ठराविक टक्के कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांचं) सीएमपी-०८, म्हणजे तिमाही कराचं विवरण, १८ एप्रिलपर्यंत. मार्चमध्ये कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) ३० एप्रिलपर्यंत भरायचा. एरवीची ७ तारीख इथे लागू नाही, यात दरवर्षी कुणीतरी गोंधळतंच. जीएसटी रिटर्न मासिकवरून तिमाहीवर आणायचं असेल तर त्यालाही ३० एप्रिलच.

१ एप्रिलपासून बिलांची नवी मालिका सुरू करा. जुनं बिलबुक संपवायच्या नादात माझी मागे चांगलीच तारांबळ उडाली होती.

विक्री शून्य असली तरी जीएसटी रिटर्न भरावंच लागतं. नाहीतर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क, विक्री असेल तर ५०. पोर्टल शेवटच्या दिवशी गोगलगाय होतं, म्हणून दिवाणजींना दोन दिवस आधीची तारीख सांगा. मी तरी तसंच करतो.

प्रोफेशन टॅक्सचे २५०० रुपये ३० जूनपर्यंत. त्याची आठवण जूनमध्ये पुन्हा करीन.