काउंटरला बांधलेलं पेन

सांगली, रविवार

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलेली होतीस आणि मागे मेसची भांडी एवढी वाजत होती की मला निम्मंच ऐकू आलं. पण रात्री तू पाठवलेला बँक खात्यांचा पायथॉन भाषेतला प्रोग्रॅम उघडला आणि उलगडा झाला. सीमाच्या खात्यात पाचशे भरले, शिल्लक दोघांचीही बरोबर आली, पण व्यवहारांची यादी छापली तर सीमाचे पाचशे रफिकच्या यादीतही! पायथॉन खुळं झालंय का, असं विचारलंस. नाही झालेलं.

क्लास म्हणजे खात्याचा साचा, आणि त्यातून उघडलेलं एकेक खातं म्हणजे ऑब्जेक्ट. तू व्यवहारांची रिकामी यादी क्लासच्या नावाखाली थेट लिहिलीस. पायथॉन क्लास वाचतं तेव्हा ती ओळ एकदाच चालते, एकच यादी तयार होते, आणि पुढं उघडशील ती सगळी खाती तिच्यातच खरडतात. बँकेत काउंटरला दोरीनं बांधलेलं पेन असतं ना, तशी ती यादी झाली. तुला हवं होतं पासबुक, ज्याचं त्याच्याकडं. ती ओळ इनिटमध्ये ने आणि यादीच्या नावाआधी 'सेल्फ', म्हणजे 'या खात्याचं स्वतःचं', लाव. इनिट प्रत्येक खातं उघडताना नव्यानं चालतं, म्हणून प्रत्येकाला आपली यादी मिळते.

मग शिल्लक का नाही मिसळली? तीही तू क्लासखालीच शून्य लिहिली होतीस. हे तू विचारलं नाहीस, पण गंमत इथंच आहे. शिल्लकेत पाचशे मिळवून तू बेरीज परत 'सेल्फ'च्या शिल्लकेत ठेवलीस. ठेवताना सीमाच्या ऑब्जेक्टवर तिची स्वतःची शिल्लक तयार झाली, क्लासमधलं शून्य जागच्या जागी राहिलं. यादीला मात्र अपेंड केलंस, म्हणजे आहे त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहिलीस. तेव्हा ते उत्तर नशिबानं बरोबर आलं होतं, शिल्लकही इनिटमध्ये ने. व्याजदर राहू दे वरच, तो सगळ्यांना सारखाच.

असं क्लास आणि ऑब्जेक्ट घेऊन लिहिणं म्हणजे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. त्यातले एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स वगैरे चार शब्द व्हायव्हापुरते पाठ कर, माझी हरकत नाही. पहिल्या शब्दाचा अर्थ मला शिकवला तो एका पतसंस्थेनं. १९९८ साली मी त्यांच्यासाठी फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता. खात्यात किमान शंभर रुपये राहिलेच पाहिजेत, असा नियम. शिल्लक बदलणाऱ्या जागा चार: भरणा, पैसे काढणं, व्याज आणि कर्जाचा हप्ता वळता करणं. काढण्याच्या स्क्रीनवर मी नियम तपासला, हप्त्याच्या वेळी विसरलो. एका महिनाअखेरीला एका आजोबांचं खातं उणे चाळीस रुपये! रात्री दोनपर्यंत मी आणि रोखपाल किर्द चाळत बसलो होतो. चूक पूर्ण माझी, आणि चहा मात्र त्यांनी पाजला.

आज लिहिलं असतं तर शिल्लक खात्याच्या आत ठेवली असती. बाहेरच्यानं फक्त 'भर' किंवा 'काढ' म्हणायचं, नियम खातं स्वतः बघेल, हप्ता वळता करणाऱ्यालाही 'काढ'च म्हणावं लागेल. नियम एका जागी, म्हणून विसरायलाही एकच जागा. हेच एन्कॅप्सुलेशन. जावा भाषेत शिल्लक प्रायव्हेट केलीस आणि तरी बाहेरून हात घातलास, तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही, चालवण्याआधीच अडतो. पायथॉनमध्ये नावाआधी अंडरस्कोर देतात, पण ती नुसती खूण. कुणी हात घालायचाच म्हटलं तर जातो.

इनहेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासनं दुसऱ्याचा वारसा घेण्याचा, सोस धरू नकोस. वाक्य मोठ्यानं म्हणून बघ. 'बचत खातं हे एक खातं आहे' कानाला बरं वाटतं. 'खातेदार हे एक खातं आहे' म्हटलंस तर आईसुद्धा स्वयंपाकघरातून हसेल. खातेदाराकडं खातं असतं, तेव्हा तिथं खातं आत ठेवायचं, वारसा सांगायचा नाही. मुदत ठेवीलाही 'काढ' म्हणता येतं, पण ती आधी तारीख बघते. हाक तीच, वागणं ज्याचं त्याचं. ते लांबलचक पॉलिमॉर्फिझम म्हणजे एवढंच.

हे सगळं जावावाल्यांनी काढलं असं तू म्हणालीस. जावा आली १९९५ ला. क्लास आणि ऑब्जेक्ट त्याआधी कितीतरी वर्षं नॉर्वेत, ऑस्लोत, ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत होते. त्यांना खऱ्या जगातल्या व्यवस्थांची नक्कल संगणकावर चालवायची होती. त्यात प्रत्येक गोष्टीची आपली अवस्था नि आपलं वागणं आलंच. दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला मोठा मान, मिळाला.

आता मुदत ठेवीचा क्लास तू लिही आणि बुधवारपर्यंत पाठव. मी त्यातून उणे चाळीस काढता येतात का ते बघणार आहे. आई विचारतेय, मेटकूट संपलं का?

तुझा,
बाबा