दिवे उशिरा लावल्याबद्दल

आदरणीय ऑपरेटरकाका,

सप्रेम नमस्कार.

फिल्म सोसायटीतले सगळेच आपल्याला ऑपरेटरकाका म्हणतात, त्यामुळे आपले खरे नाव मला आजही ठाऊक नाही आणि आता विचारायची लाज वाटते. खेळाआधी प्रोजेक्टर लावणारे, खुर्च्या मांडणारे आणि खेळ संपल्यावर त्या घडी करून भिंतीशी रचून ठेवणारे गृहस्थ, एवढीच आपली ओळख मला आहे. तरीही हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

‘अपराजितो’चा खेळ झाला तेव्हा माझ्या आईला जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता. मी पोहोचायच्या आत ती गेली. फोनवर ती दर वेळी म्हणायची, “काही नाही रे, नेहमीचाच खोकला आहे,” आणि तो नेहमीचाच आहे असे मानणे मला सोयीचे होते. कार्यालयात रजा मागितली तेव्हा साहेबांनी, हे काम एवढे संपवा आणि मग खुशाल जा, असे सांगितले. त्या साहेबांवर मी पुष्कळ दिवस मनातल्या मनात चडफडत होतो; पण खरे सांगायचे तर मी दुसऱ्यांदा रजा मागितलीच नव्हती. नंतर भेटायला आलेल्या आप्तांनी “सुटली बिचारी”, “तिच्या नशिबी तेवढेच होते”, “आता तू खंबीर राहा” अशी ठेवणीतली वाक्ये माझ्यापुढे मांडली आणि चहा झाल्यावर घड्याळे पाहिली. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण माझ्या दुःखाचे काय करायचे हे न कळल्यामुळे प्रत्येकाला ते लवकरात लवकर आवरायचे होते.

अशा मनःस्थितीत मी केवळ घरी बसवत नव्हते म्हणून त्या संध्याकाळी आलो. सत्यजित राय यांचा हा 1956 सालचा चित्रपट मी कॉलेजात असताना एकदा पाहिला होता आणि तेव्हा मला त्यात शिकायला बाहेर पडणारा हुशार मुलगाच दिसला होता. या वेळी दिसली ती फक्त त्या मुलाची, अपूची, आई सर्वजया. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून ती आपले आजारपण अपूला कळू देत नाही, झाडाला टेकून बसून राहते आणि मुलाची हाक आल्याचा भास होऊन दारापाशी जाते, तर बाहेर अंधारात नुसते काजवे. त्या काजव्यांपाशी माझा धीर सुटला. त्याआधीचा एक प्रसंग तर अजून सलतो. सुट्टी संपवून निघालेला अपू स्टेशनवर जातो, गाडी समोर येऊन उभी राहते, तरी तो घरी परततो आणि गाडी चुकली असे आईला सांगतो. एवढ्या एका दिवसाने तिचा चेहरा कसा उजळतो! मी आयुष्यात एकदाही गाडी चुकवली नाही, आणि वक्तशीरपणाबद्दल माझे कौतुकच होत आले.

या चित्रपटाला 1957 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पण घरच्या प्रेक्षकांनी त्याला फारसा आश्रय दिला नाही. आईपासून सुटू पाहणारा मुलगा त्यांना रुचला नाही, असे त्याचे कारण सांगितले जाते. मला ते पटते, कारण राय अपूला दोषी ठरवत नाहीत आणि निर्दोष म्हणून सोडूनही देत नाहीत. तो झाडाखाली बसून रडतो, उठतो आणि कोलकात्याला परत जातो. शिक्षाही नाही आणि सांत्वनही नाही, हे सहन करायला प्रेक्षकाला वेळ लागतो.

तो वेळ मला आपण दिलात. एरवी पडदा कोरा झाला रे झाला की ट्यूबलाइट फडफडत लागतात आणि माणसे डोळे चोळत चपला शोधू लागतात. त्या दिवशी आपण फक्त मागच्या दाराजवळचा एकच दिवा लावलात. तो भिंतीवर पडत होता आणि भिंतीवरून जेवढा परतेल तेवढाच उजेड पुढे येत होता. लोक त्या उजेडात कुजबुजत निघून गेले. मग आपण मागच्या रांगेपासून खुर्च्या आवरायला घेतल्यात. एरवी त्या फरशीवरून खरखरत ओढल्या जातात. त्या दिवशी आपण एकेक खुर्ची उचलून नेत होतात, हे मला मागे न पाहताही कळत होते, कारण आवाजच येत नव्हता. माझ्या रांगेशी आलात, क्षणभर थांबलात आणि माझ्याकडे न पाहता म्हणालात, “ही रांग मी उद्या उचलतो. जाताना दार नुसते ओढून घ्या.”

काय झाले, कोण गेले, पाणी हवे का, यातले काहीही आपण विचारले नाहीत. दीड महिन्यात मला कोणी आवरते घ्यायला न सांगितल्याची ती पहिली वेळ होती. हल्ली घरच्या पडद्यावर चित्रपट संपताच नामावली कोपऱ्यात ढकलली जाते आणि काही सेकंदांत पुढचे काहीतरी सुरू होते. जणू नुकतेच पाहिलेले जितक्या लवकर पुसले जाईल तितके बरे. चित्रपट आणि आपले जगणे यांची गाठ पडते ती बहुधा त्याच मिनिटांत, आणि ती मिनिटे दिव्याच्या बटनापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असतात, हे मला इतकी वर्षे चित्रपट पाहूनही सुचले नव्हते.

पुढे वाचनात आले की, याच चित्रपटात वाराणसीच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते आणि छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर कापड ताणून दिव्यांचा झोत थेट माणसांवर न टाकता त्या कापडावरून परतवला होता. ते वाचताना मला आपला मागच्या दाराजवळचा दिवा आठवला. आपल्याला हे माहीत होते की नाही, कोण जाणे. नसावे असे मला वाटते, आणि त्याने काही बिघडत नाही. शिकवून न येणारी ही रीत काही माणसांच्या हातातच असते. समोरच्याला न अवघडवता ती बाजूला होतात आणि आपण काही केले असे त्यांना वाटतही नाही.

मी आणखी अर्धा तास बसलो असेन. निघताना दार ओढून घेतले आणि ते नीट लागले की नाही हे पाहायला अर्ध्या जिन्यावरून परत आलो. आपण ती रांग उद्यावर टाकली होती, तरी माझी खुर्ची मीच घडी करून भिंतीशी ठेवली होती. ती उलटी लागली असेल, तर क्षमा असावी.

आपला कृतज्ञ,
पुढून तिसऱ्या रांगेतला एक प्रेक्षक