बॉनेटवर ठेवलेला हात

काका,

तुम्ही हे स्वतः वाचाल असं वाटत नाही. तुमचा मोबाइल बटणांचा आहे आणि तो तुम्ही "हां, बोला" एवढ्यापुरताच वापरता, हे त्या दिवशी पाहिलं. पण गॅरेजमधला तुमच्या हाताखालचा मुलगा वाचून दाखवेल. समोर उभी राहून मला हे बोलता आलं नसतं. त्या दिवशीही "थँक्यू काका" एवढंच कसंबसं म्हणून मी पळाले, कारण रडू फुटत होतं आणि गाडीवरून रडणं बरं दिसत नाही.

मला ती गाडी मनापासून हवी होती. चार वर्षं पैसे साठवले होते. लोक विचारतात, त्यात काय एवढं, दिसायला तर साधी हॅचबॅकच! तिथेच तर सगळी गंमत आहे. १९७६ साली फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय विक्रीला आली, तेव्हा तीही दिसायला घरगुतीच होती. बाजारात नेण्याची, मुलांना शाळेत सोडण्याची गाडी. फक्त आत ११० अश्वशक्तीचं इंजिन आणि एकूण वजन जेमतेम ८०० किलोच्या आसपास. कंपनीने सुरुवातीला पाच हजारच बनवायच्या ठरवल्या होत्या, पण पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त खपल्या. साध्या चेहऱ्यामागे एवढा दम लपवणारी गाडी मी एकोणीस वर्षांची असताना एकदा चालवली आणि तेव्हापासून दुसरं काही डोळ्यांत भरलंच नाही. नवी परवडणार नव्हती. मग जुनी.

जुनी बघायला लागले आणि तज्ज्ञांची रांग लागली. भावाचा एक मित्र आला, त्याला म्हणे गाड्यांतलं सगळं कळतं. त्याने मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तीन वेळा "बाप रे!" म्हणाला, उतरला आणि म्हणाला, डोळे झाकून उचल. मग मी पैसे भरून रीतसर तपासणी करून घेतली. अकरा पानांचा अहवाल आला, ओळीने हिरव्या खुणा. इंजिन उत्तम, क्लच उत्तम, संगणकात एकही दोष नोंदलेला नाही. तपासायला आलेला माणूस पंचवीस मिनिटांत निघून गेला होता. आणि विकणारा? तो पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस्टर येणार आहेत का गाडी बघायला?" मिस्टर नाहीत म्हटल्यावर तो भावाशी बोलायला लागला. माझ्या भावाला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, हे भावाने स्वतः सांगितलं तरी तो त्याच्याशीच बोलत राहिला. मला फक्त सीटचा रंग दाखवला.

टोकन द्यायच्या आदल्या दिवशी कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. खरं सांगते काका, मी सल्ला घ्यायला आलेच नव्हते. मनाने गाडी घेऊन झाली होती, फक्त एका मोठ्या माणसाने "घे" म्हणावं, एवढंच हवं होतं.

विकणाऱ्याचा माणूस गाडी तुमच्या दारात घेऊन आला. मला वाटलं, तुम्ही बॉनेट उघडाल, जॅक लावाल. तुम्ही गाडीभोवती फिरलासुद्धा नाहीत. हात पुसलेत आणि तळवा बॉनेटवर ठेवलात, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "ताई, तुम्ही ठेवा हात."

भावाला नाही, मला.

चटका बसला. विकणाऱ्याचं घर तुमच्यापासून पाच मिनिटांवर. तेवढ्या अंतरात गाडी इतकी तापत नाही, हे मलाही कळलं. पण त्याआधी प्रत्येक वेळी मी ती बघायला गेले तेव्हा ती सुरूच असायची. "तुमच्यासाठी एसी लावून ठेवलाय," म्हणायचा. मला तो पाहुणचार वाटला होता!

"गरम इंजिन गोड बोलतं," तुम्ही म्हणालात, किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकलीत आणि खिशाचं बटण लावलंत. "गार होऊ दे. मग बघू."

पावणेतीन तास, काका. पावणेतीन तास तुम्ही ती गाडी कोणाला सुरू करू दिली नाहीत. मला स्टूल दिलंत, स्वतः उलट्या क्रेटवर बसून कोणाच्या तरी स्कूटरचा कार्ब्युरेटर साफ करत राहिलात. तो माणूस दोनदा किल्ली मागायला आला. एकदा म्हणाला, काच वर करायची राहिलीय. एकदा म्हणाला, एसी लावून आत बसतो, उकडतंय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सावलीत बसा की." शेवटी त्याने हुकमी पत्ता काढला : दुसरं गिऱ्हाईक निघालंय, आत्ता टोकन दिलं नाही तर गाडी गेली. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही म्हणालात, "त्यांनाही इथेच बोलवा. एकदम दोघांना दाखवू." ते दुसरं गिऱ्हाईक काही शेवटपर्यंत आलं नाही.

त्या पावणेतीन तासांत तुम्ही मला फार काही शिकवायला गेला नाहीत, हेही सांगते. लोक शिकवायला लागले की मला गुदमरायला होतं. तुम्ही फक्त एकदा टायरकडे बोट दाखवून म्हणालात, "चार आकडे आहेत लंबगोलात, वाचा." मी वाचले. ०९१७. म्हणजे २०१७ सालचा नववा आठवडा. बाकीचे तीन टायर वेगळ्या सालांचे, दोन तर वेगळ्या कंपनीचे. तुम्ही काहीच बोलला नाहीत. इतक्या ताकदीच्या गाडीला जो चार सारखे टायर घालत नाही, त्याने तेल तरी वेळेवर बदललं असेल का, हा प्रश्न माझा मलाच पडला.

गाडी गार झाल्यावर जे दिसलं ते लांबवत नाही. कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीचं झाकण गरम असताना उघडत नाहीत, आणि तेच त्यांना हवं होतं. आत नुसतं नळाचं पाणी होतं, तेही खुणेच्या खाली. सुरू केल्यावर सायलेन्सरमधून निळा धूर आला, म्हणजे तेल जळत होतं. मिनिटभरच आला, मग विरला. गरम गाडीत तो दिसलाच नसता. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर तुम्ही मला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला लावलात, तेव्हा इंजिनचा काटा सरसर वर चढला आणि वेगाचा काटा मागे रेंगाळला. क्लच सुटत होता. भावाच्या मित्राने "बाप रे!" म्हटलं होतं ते ह्याच आवाजाला.

आणि तो गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर. एकही दोष नोंदलेला नाही, हे अहवालात लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. पण तुम्ही आणखी एक पान उघडलंत. गाडी चालता चालता स्वतःच्या काही तपासण्या करत असते, आणि दोष पुसले की त्या तपासण्यांच्या नोंदीही पुसल्या जातात. पुन्हा पूर्ण व्हायला गाडी बरीच, वेगवेगळ्या चालीने चालावी लागते. त्या पानावर जवळजवळ सगळ्याच तपासण्या अपूर्ण होत्या. फळा कोरा होता, कारण तो नुकताच पुसला होता.

तरी तुम्ही "घेऊ नका" म्हणाला नाहीत. मी वाट बघत होते. त्या माणसाने मधेच सांगून टाकलं, "फक्त रिमॅप केलंय हो, स्टेज वन, सगळेच करतात." तुम्ही त्याच्यावरही चिडला नाहीत. म्हणालात, रिमॅप हा काही गुन्हा नाही, इंजिनच्या संगणकातून टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याला, थोडं जास्त फुगायला सांगितलं एवढंच. पण जो जास्त कामाला लावतो त्याने जास्त खायलाही घालावं लागतं : तेल लवकर बदलायचं, क्लच दमाचा घालायचा, दामटवून आणल्यावर लगेच बंद न करता थोडी रेंगाळू द्यायची. इथे फक्त काम करून घेतलंय. मग बोटांवर मोजून सांगितलंत, पहिल्या वर्षात काय काय दारात येईल ते. क्लच नक्की, टर्बो बहुधा, पाणी कुठे जातंय ते उघडल्याशिवाय कळणार नाही. "एवढं करायची तयारी असेल तर गाडी वाईट नाही. तयारी तुमची हवी."

लहान मुलाच्या हातातली वस्तू काढून घेतात तशी तुम्ही ती गाडी माझ्याकडून काढून घेतली नाहीत. आजवर ज्यांनी ज्यांनी मला गाड्यांबद्दल सल्ला दिला, त्यांनी एकतर "बाईमाणसाला कशाला एवढा पिकअप" म्हटलं, नाहीतर "घे घे, मजा कर" म्हटलं. दोन्हींत माझ्या डोक्याला काही काम नव्हतं. तुम्ही सगळं माझ्यासमोर मांडलंत आणि गप्प बसलात. मी नाही म्हटलं. स्वतःच्या तोंडाने. तुम्ही खिशाचं बटण काढून किल्ली त्याच्या हातात ठेवलीत.

पैसे द्यायला गेले तेव्हा तपासणीचे ठरलेले तेवढेच घेतलेत. तीन तास गेले की तुमचे, म्हटलं, तर म्हणालात, "बसण्याचे कसले पैसे?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्या पंचवीस मिनिटांवाल्याकडेही ज्ञान असेल, यंत्रं तर तुमच्यापेक्षा भारी होती. पण गाडी गार होईपर्यंत थांबायचं तर तेवढा वेळ आपल्या खिशातून जातो, आणि कोणी तो घालवला नाही तरी अहवालात कुठेच दिसत नाही. सचोटीचं काम बहुतेक असंच असतं, कोणी बघत नसतं तिथलं. रात्री दुकान बंद करताना तराजू पुसून ठेवणारे, उसनं घेतलेलं पुस्तक कव्हर घालून परत करणारे, चुकीच्या दारात आलेलं पत्र तीन जिने चढून नेऊन देणारे लोक मला आठवायला लागले. भरकटले बहुतेक. तुम्हाला हे ऐकून अवघडल्यासारखं होईल आणि तुम्ही वाचणाऱ्या मुलाला म्हणाल, "पुढे काय लिहिलंय ते वाच."

पुढे हे लिहिलंय : दुसरी एक बघितलीय. तेवढीच जुनी, रंग मला न आवडणारा, मागच्या दाराला एक पोचा. मालकाकडे बिलांची फाइल आहे, त्यात एका क्लचचंही बिल आहे आणि ते त्याने स्वतःहून दाखवलं. मी न सांगता सकाळी लवकर गेले. त्याने नमस्कार करायच्या आत मी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. तो हसला आणि किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाला, "तुम्हीच सुरू करा."

तरीही टोकन दिलेलं नाही. मालक तयार आहे, म्हणून शनिवारी रात्रीच गाडी आणून तुमच्या दारात लावते आणि किल्ली तुमच्या खिशात ठेवून जाते. रविवारी सकाळी येते. मी येईपर्यंत कोणाला सुरू करू देऊ नका.

तुमची,
स्टुलावर बसलेली ताई