वरचा मजला आत्ता नको

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

जूनमध्ये मी येतेय, कायमची. तिकीट काढलंय, त्यात बदल नाही. बदल आहे तो वरच्या मजल्याच्या बेतात. बाबा, तो बांधायला ते फोर-ओ-वन-केचे, म्हणजे अमेरिकेतल्या माझ्या निवृत्तीच्या खात्यातले पैसे मी काढत नाहीये. फोनवर तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि लगेच आईकडे फोन दिलात, म्हणून लिहायला बसले.

परक्या देशात पैसा कशाला, हे तुमचं म्हणणं कळतं मला. पण मी आत्ता ४३ ची. साडेएकोणसाठच्या आत हात लावला तर १० टक्के दंड, वर इथला आयकर. पगारातून ते पैसे कर लागायच्या आधीच कापले जायचे ना! तुमच्या पीपीएफचं बरं, शेवटी हातात येतं ते करमुक्त. इथे कर माफ नाही, नुसता पुढे ढकललेला.

मला धास्ती वेगळीच होती. तिकडे रहिवासी झाल्यावर खात्यातल्या वाढीवर भारताचा कर दरवर्षी, अमेरिकेचा मात्र पैसे काढताना. वर्षं जुळत नाहीत, मग एकीकडे भरलेल्याची वजावट दुसरीकडे धड मिळत नाही. २०२१ च्या बजेटात कलम ८९ए आणून ते सोडवलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या अशा खात्यांना ती सवलत लागू आहे. रिटर्नच्या मुदतीत त्यासाठीचा फॉर्म भरला की अमेरिका कर लावेल त्याच वर्षी भारत लावणार. एकदा भरला की माघार नाही, म्हणून तीनदा वाचला, सीएंनाही विचारलं. आई, हसू नकोस. हल्ली मी वाचूनच सही करते.

मला मधली खोली पुरे. दिवाणही तोच. पावसात छत गळायला लागलं की बाबा उशाशी पातेलं ठेवून थेंब मोजायला लावायचे. शंभराच्या आत झोपायचे मी. इथे इतक्या वर्षांत तशी झोप लागली नाही.

न्हाणीघरात धरायला दांडा, आईच्या गुडघ्यांसाठी कमोड आणि इन्व्हर्टर, एवढं माझ्या बचतीतून याच महिन्यात करून घ्या. जूनची वाट बघायची नाही. पैसे पाठवलेत, ते एफडीत टाकू नका! बाबा, साखरेच्या रिपोर्टचा फोटो हवा, "नॉर्मल आहे" चालणार नाही. गवंड्याला इसार दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर राहू दे, त्याच्याकडून छताची गळती काढून घेऊ.

आणि तो नकाशा रागाने फाडू नका. घडी घालून कपाटात ठेवा.

तुमची,
छोटी