आवडती सिस्टीम माझ्या गळ्यात न मारल्याबद्दल

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले की तुम्ही "असू दे रे" म्हणून विषय बदलता, म्हणून आता चारचौघांतच लिहितो. वेंगुर्ल्याच्या आसपास घरच्या फायलींसाठी सर्व्हर लावायच्या विचारात कोणी असेल, तर त्यालाही यातून काही मिळेल.

तुमच्या घरी ट्रूनॅस ही सर्व्हरची सिस्टीम आहे, झेडएफएसवर, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणाऱ्या एका फाइल सिस्टीमवर. झेडएफएसचा विषय निघाला की तुमचा तास किती लांबतो, हे तुमच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत ती जन्मली, २००५ साली तिचा कोड खुला झाला, प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, चेकसम (डेटा बिघडला तर पकडून देणारा पडताळणीचा आकडा) असतो, आणि नवं लिहिताना जुन्या जागेला हात लावत नाही, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी फाइल सिस्टीम शाबूत राहते. आपल्याकडचा पावसाळा बघता तेच घ्यावं असं कोणालाही वाटेल. मीही तेच ठरवून मशीन तुमच्यासमोर ठेवलं होतं.

तुम्ही आधी झाकण उघडलंत. स्टुडिओतून काढलेला जुना पीसी, रॅम ४ जीबी. मागच्या पत्र्यावर, स्क्रूंच्या भोवती खाऱ्या वाऱ्याने धरलेला गंज नखाने खरवडून पाहिलात. मग विचारलंत, "ठेवायचं काय, आणि तू शूटिंगला गेलास की हे बघणार कोण?" ठेवायचे होते लग्नांचे फोटो, आणि बाबांनी जत्रांत रात्र रात्र उभं राहून मिनी डीव्ही टेपांवर घेतलेले दशावताराचे प्रयोग. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आईने स्वयंपाकघरातूनच दिलं, "माका ता काय जमाचा नाय हां!"

माझ्या मते सिस्टीम तिथेच ठरली. ट्रूनॅसला किमान ८ जीबी रॅम हवी. अनरेड या दुसऱ्या सर्व्हर सिस्टीममध्ये वेगवेगळ्या मापाच्या डिस्का एकत्र चालतात, पण लायसन्सचे पैसे पडतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा पीसी विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. उरलं ओपनमीडियाव्हॉल्ट: डेबियन लिनक्सवर उभं, फुकट, कमी रॅममध्ये निभावणारं, आणि बसवून झालं की सगळा कारभार ब्राउझरमधून.

खरं कारण तुम्ही डिस्क फॉरमॅट करताना सांगितलंत. झेडएफएस लायसन्सच्या भानगडीमुळे लिनक्सच्या कर्नेलमध्ये (गाभ्यात) नाही, वेगळी बसवावी लागते. माझ्या डिस्कवर घातलेली ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम कर्नेलमध्येच असते. "मशीन मेलं तर डिस्क काढ, कुठल्याही लिनक्सला लाव, फायली दिसतील. मला फोन करायचीही गरज नाही." एवढं जाणणारा माणूस स्वतःची गरज उरू नये अशी सोय करून देतो, हे मला तरी नवीन होतं. इतर ठिकाणी उलट अनुभव घेतला आहे. पासवर्डसुद्धा बसवून देणाऱ्यांकडेच राहायचा.

ईएक्सटी४ डेटाचे चेकसम ठेवत नाही, हा उणेपणा तुम्ही लपवला नाहीत. टेपांच्या फोल्डरसाठी एसएचए२५६ या प्रकारच्या चेकसमची यादी करून दिलीत. महिन्यातून एकदा पडताळायची, एखादी फाइल आतल्या आत सडली तर कळतं. रेड (अनेक डिस्का एकत्र जोडून चालवणं) मात्र करू दिलं नाहीत, त्यावर मी थोडी हुज्जत घातलीच. मिररमध्ये, म्हणजे दोन डिस्कांवर एकदम तेच लिहिणाऱ्या रेडमध्ये, चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्हीकडून जाते, हे ऐकल्यावर गप्प बसलो. आता दुसऱ्या डिस्कवर रोज रात्री आरसिंक या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत जाते, इकडे पुसलेलं तिकडे पुसायचं नाही या बोलीवर. तिसरी डिस्क कुडाळला मामीच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात.

यूपीएसची यूएसबी केबल मशीनला जोडून दिलीत ते आईला सगळ्यात आवडलं. बॅटरी उतरत आली की मशीन आपणहून रीतसर बंद होतं, आणि बायोसमधल्या त्या एका सेटिंगमुळे लाइट आली की आपणहून सुरूही होतं. तिला काहीच करावं लागत नाही. संध्याकाळी टीव्हीवर नेटवर्कचं फोल्डर उघडून ती बाबांनी घेतलेले प्रयोग बघते, आणि कुठला संकासुर कोणी केला होता यावरून शेजारच्या काकूंशी वाद घालते.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. ८ जीबी रॅम जुन्या बाजारात मिळेल असं म्हणालात, पण तूर्त लागत नाही, म्हणून ते पैसे उरलेल्या टेपा उतरवायला चांगला डीव्ही कॅमेरा दुरुस्त करण्यात घातले. तुमच्या गावच्या जत्रेचा प्रयोग त्यातल्या एका टेपेत सापडला आहे. फाइल तयार आहे, पेनड्राइव्हवर घालून आणतो. फक्त तुमचा टीव्ही एमकेव्ही चालवतो की एमपी४ करून आणू, तेवढं कळवा.

आपला,
स्टुडिओवाला विद्यार्थी